पराजयाला इनाम

ऑक्टोबर २०१९ च्या ४ आणि ५ तारखांना वरळीच्या सरदार वल्लभभाई पटेल क्रीडागारात, मुंबईकरांच्या तोंडी नुसत्या 'डोम' या नावाने रूढ झालेल्या त्या गोल छपराच्या वास्तूत, अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेचे दोन सामने झाले. भारतात या संघटनेचे सामने होण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. इंडियाना पेसर्सनी पहिला सामना जादा वेळेत १३२–१३१ असा अवघ्या एका गुणाने जिंकला आणि दुसऱ्या दिवशी १३०–१०६ अशी निर्विवाद सरशी साधली. दोन्ही दिवस हरलेला संघ होता सॅक्रामेंटो किंग्ज. आणि त्याचे प्रमुख मालक होते मुंबईतच जन्मलेले विवेक रणदिवे. २०१३ साली हा संघ सिएटलला हलवण्याचा घाट घातला गेला असता ज्यांनी तो विकत घेऊन सॅक्रामेंटोतच ठेवला, त्या गटाचे नेतृत्व रणदिव्यांनी केले होते, आणि एनबीएमधील संघाचे प्रमुख मालकपद भारतीय वंशाच्या मनुष्याकडे येण्याची ती पहिलीच वेळ होती. वरळीत उतरला तेव्हा हा संघ सलग तेरा हंगाम बाद फेरीची पायरी चढू शकलेला नव्हता. पुढे ही संख्या सोळावर गेली आणि एनबीएच्या इतिहासातील तो उच्चांक ठरला.

अशा संघाच्या चाहत्यांपुढे दर वर्षी मार्च-एप्रिलच्या सुमारास एक प्रश्न उभा राहतो, आणि तो आपल्याकडील क्रीडारसिकाला प्रथमश्रवणी चमत्कारिक वाटतो. हंगाम तर हातचा गेला आहे. उरलेले सामने जिंकून काही साधणार नाही. उलट हरत राहिले तर पुढील वर्षीच्या नवोदित खेळाडूंच्या निवडीत, ज्याला तिकडे 'ड्राफ्ट' म्हणतात, आपला क्रमांक वर लागण्याचा संभव वाढतो. मग खऱ्या चाहत्याने आपल्या संघाचा विजय चिंतावा की पराजय? तिकडे या प्रश्नावर वर्षानुवर्षे हिरिरीने वाद झडले आहेत. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या मुलखात शंभर-सव्वाशे वर्षे जी क्रीडासंस्कृती नांदली, तिच्यात हा प्रश्न कोणी विचारल्याचा दाखला मला कोठे आढळत नाही. आणि तो का विचारला गेला नाही, याची मीमांसा करताना या शहराच्या मैदानांचा एक फारसा न लिहिलेला इतिहास हाती लागतो.

आरंभीच हे सांगितले पाहिजे की बास्केटबॉल हा खेळ मुंबईला परका नव्हे. १८९१ साली स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या शाळेत जेम्स नाइस्मिथ यांनी तो घडवला आणि त्याच संस्थेच्या हातून तो जगभर पसरला. आपल्याकडे १८१३ पासून मुंबईत ठाण मांडून बसलेल्या अमेरिकन मराठी मिशनने १९२७ साली नागपाड्यात 'नेबरहुड हाउस' ही लोकसेवेची संस्था उभारली. तिचे चालक क्लिफर्ड मॅनशार्ट हेच पुढे १९३६ साली टाटांच्या समाजकार्य विद्यालयाचे पहिले संचालक झाले. भायखळा आणि गिरगाव यांच्या मधल्या या दाटीवाटीच्या वस्तीत बास्केटबॉल असा रुजला, की हातगाडीवाल्यांची, कारागिरांची आणि किरकोळ दुकानदारांची पोरे राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचली. १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळवणारे आणि भारताचे कर्णधारपद भूषवणारे अब्बास मुंतसिर हे याच मातीतले. नागपाड्याच्या चाहत्याला ड्राफ्टची चिंता करण्याचे कारण नव्हते. पुढच्या वर्षी संघात कोण येणार, हे त्याला कठड्याला टेकून, संध्याकाळी चेंडू आपटणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांकडे पाहूनच कळत असे.

ड्राफ्टची प्रथा मुळात अमेरिकन फुटबॉलमधली. फिलाडेल्फियाच्या दुबळ्या संघाचे मालक बर्ट बेल यांनी असा विचार मांडला की जो संघ सर्वांत खाली राहील, त्याला महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंमधून पहिली निवड करू द्यावी, म्हणजे धनाढ्य संघ सर्व गुणी तरुणांची मक्तेदारी करणार नाहीत. आणि १९३६ च्या फेब्रुवारीत पहिली निवड पार पडली. बास्केटबॉलच्या संघटनेने १९४७ साली हाच शिरस्ता उचलला. त्यामागील न्यायबुद्धी खोटी नव्हती, हे मान्य केले पाहिजे. मात्र या व्यवस्थेची एक पूर्वअट आहे, आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. त्या संघटनेत जे संघ आहेत ते आहेत. तळाचा संघ कितीही हरला तरी त्याला कोणी खालच्या वर्गात उतरवत नाही, कारण खालचा वर्गच नाही. त्याचे वतन अढळ आहे. जिथे हरण्याची शिक्षा नाही आणि हरण्याला इनाम मात्र आहे, तिथे कधी ना कधी कोणी तरी हिशेब मांडणारच. आणि तसा तो मांडला गेला. १९६६ पासून दोन्ही विभागांतील तळाच्या संघांमध्ये नाणेफेक होत असे. हेतुपुरस्सर हरण्याचे आरोप वाढले तेव्हा १९८५ पासून सोडत आली. आज चौदा क्रमांकित चेंडूंमधून चार काढतात, त्यांच्या १,००१ जुळण्यांपैकी एक वगळून उरलेल्या १,००० बाद फेरीबाहेरच्या चौदा संघांना प्रमाणानुसार वाटतात. पूर्वी सर्वांत वाईट संघाला पहिल्या निवडीची २५ टक्के संधी असे, ती २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना सारखीच, १४ टक्के, करण्यात आली. एक दफा सुधारावी तो दुसरी पळवाट निघते. एप्रिल २०२३ मध्ये डॅलसच्या संघाने पुढे जाण्याची आशा शिल्लक असतानाही आपले मुख्य खेळाडू बसवून ठेवले, आणि संघटनेने त्याला साडेसात लाख डॉलरांचा दंड केला.

अमेरिकेत १९४७ साली बास्केटबॉलने हरणाऱ्याला पहिल्या निवडीचा हक्क दिला, त्याच्या पुढच्याच वर्षी मुंबईच्या मैदानांवर नेमकी याच्या उलट रचना उभी राहिली, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. नामवंत पारशी क्रिकेटपटू डॉ. एच. डी. कांगा यांच्या स्मरणार्थ १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग ही पावसाळ्यातील स्पर्धा. देशात अन्यत्र क्रिकेटची साधने गुंडाळून ठेवण्याचे जे दिवस, त्याच दिवसांत ती भरते. गुडघाभर वाढलेले गवत, उघड्यावर भिजलेली खेळपट्टी, मैदानाच्या कडेला उभारलेले तंबू, आणि सरी थांबताच घाईघाईने पुन्हा सुरू होणारा एका दिवसाचा सामना, हे तिचे स्वरूप. पण तिचे खरे वैशिष्ट्य तिच्या कारभारात आहे. 'ए' पासून 'जी' पर्यंत तिचे गट. वरच्या गटात तळाला राहणारे संघ खाली उतरतात आणि खालच्या गटात अग्रस्थान मिळवणारे वर चढतात. शिवाजी पार्कच्या एका कोपऱ्यात 'एफ' गटातील दोन अनामिक क्लबांचा सामना चालला असेल, त्यांच्यापैकी एकाचेही नाव दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दोन ओळींपलीकडे येणार नसेल, तरी हंगामाच्या अखेरच्या रविवारी त्या सामन्यात जीव असे, कारण हरणाऱ्याचा गट जाणार होता. खालच्या गटात गेलेल्या क्लबाकडे नवे होतकरू खेळाडू फिरकत नाहीत. असलेले सोडून जातात. मैदानावरील त्याचा मान उतरतो. एक पराजय दुसऱ्या पराजयाला बोलावून आणतो. ही रचना निष्ठुर आहे खरी. परंतु तिने प्रत्येक सामन्याला अर्थ दिला आणि चाहत्याच्या मनात कधी द्वैत उत्पन्न होऊ दिले नाही.

या लीगच्या वरच्या गटात दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना यांच्यामध्ये जे वैर नांदले, त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दोन्ही क्लब दादर-माटुंग्याच्या परिसरातले. एकाचे ठाणे माटुंग्याचे दडकर मैदान, दुसऱ्याचे ते विस्तीर्ण मैदान, जे १९२५ साली माहीम पार्क म्हणून खुले झाले आणि १९२७ साली अवंतिकाबाई गोखले यांच्या प्रयत्नांनी शिवाजी पार्क झाले. दादर युनियनकडे माधव मंत्री, त्यांचे भाचे सुनील गावस्कर, दिलीप वेंगसरकर, आणि या सर्वांना मैदानावर घडवणारे वासू परांजपे. शिवाजी पार्ककडे रमाकांत देसाई, अजित वाडेकर, संदीप पाटील. कसोटी सामन्यांत खांद्याला खांदा लावून खेळणारी ही माणसे रविवारी एकमेकांना एक धाव फुकट द्यायला तयार नसत. या वृत्तीला मुंबईच्या क्रिकेटने 'खडूस' हे विशेषण अभिमानाने चिकटवून घेतले. दोन्ही बाजूंचे प्रेक्षक एकाच चाळीतले, पुष्कळदा एकाच घरातले असत. त्यांच्यापैकी कोणाला जर कोणी सांगितले असते, की यंदा आपला क्लब हरू द्या, म्हणजे पुढल्या वर्षी समोरच्यांच्या शाळेतला तो डावखुरा पोरगा आपल्याकडे येईल, तर त्याने सांगणाऱ्याकडे वेड्याकडे पाहावे तसे पाहिले असते. तो डावखुरा पोरगा क्लबाकडे येत असे तो क्लब जिंकतो म्हणून, तिथे मंत्र्यांच्या किंवा परांजप्यांच्या नजरेखाली उभे राहायला मिळते म्हणून.

लालबाग-परळच्या गिरणगावात हीच गोष्ट कबड्डीच्या रूपाने घडली, आणि ती मला क्रिकेटपेक्षाही अधिक बोलकी वाटते. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणीकामगार आपल्याबरोबर हुतुतू घेऊन आला. त्याला साधने लागत नव्हती. दोन चाळींमधली मोकळी जागा, चुन्याने आखलेल्या रेषा आणि रात्रीच्या सामन्याला टांगलेले चार दिवे एवढे पुरे होते. पाळी सुटल्यावर खेळायचे आणि पाळी लागण्याआधी घरी पोहोचायचे. प्रत्येक गल्लीचे मंडळ, प्रत्येक मंडळाचा संघ, आणि पुढे दादरच्या विजय क्लबासारखे, लालबागच्या अंकुरसारखे, गोखले रस्त्यावरच्या अमर हिंद मंडळासारखे क्लब, ज्यांची नावे मुंबईबाहेरही दराऱ्याने घेतली जात. डिलाइल रोडवरच्या श्रमिक जिमखान्याच्या मैदानावर सामना असला की सभोवतालच्या गॅलऱ्या माणसांनी वाकत. खेळाडू हा त्या गॅलरीतल्या कोणाचा तरी भाऊ, भाचा, खोलीतला गाववाला असे. त्याची पकड फसली तर ओरडणारे त्याला नावाने ओरडत. त्यानेच शेवटच्या चढाईत गुण आणला तर खांद्यावर घेऊन गल्लीभर मिरवत.

या खेळाच्या जुन्या रूपांत एक भेद होता, आणि आपल्या विषयाचे मर्म त्यात साठवलेले आहे. गामिनी प्रकारात बाद झालेला गडी बाहेरच बसे, त्याचा सारा संघ बाद होईपर्यंत त्याला परतता येत नसे. अमर प्रकारात बाद झालेला मैदानातच राही आणि केवळ गुण मोजले जात. संजीवनी प्रकारात, जो अखेर सर्वमान्य झाला आणि आजही चालतो, बाद झालेला गडी परत येतो, परंतु केव्हा? त्याच्या संघाने प्रतिपक्षाचा गडी मारला तरच. दुबळ्या झालेल्या बाजूला पुन्हा उभे राहण्याची वाट या नियमाने मोकळी ठेवली, पण ती वाट पराक्रमातून जाते. एवढ्यावर थांबलो तर मात्र मी अर्धेच सांगितल्यासारखे होईल, कारण याच खेळात लोणही आहे. सातही गडी बाद झाले की सातही जिवंत होऊन परततात. म्हणजे संपूर्ण पराभवाला पूर्ण जीवदान आहे. आणि एकटा उरलेला गडी फार वेळ तंगवत बसला तर कसलेले कर्णधार त्याला बाद होऊ देतात, जेणेकरून सातही गडी लवकर मैदानात यावेत. हा हिशेब आमच्या लोकांनाही ठाऊक होता. पण लोण देणाऱ्याला त्याची किंमत तिथल्या तिथे, प्रतिपक्षाच्या खात्यावर दोन जादा गुणांच्या रूपाने, मोजावी लागते. जीवदान आहे, इनाम नाही. ज्या वर्षी फिलाडेल्फियाच्या मालकाची योजना प्रथम अमलात आली, त्याच १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने हुतुतूचे प्रात्यक्षिक जगापुढे मांडले; पुढे शंकरराव उर्फ बुवा साळवींनी आयुष्य वेचून या खेळाला देशभर एका नियमावलीखाली आणले, आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत तो पदकाचा खेळ झाला.

गिरणगावात खेळाडूंचे वाटप मुळी होतच नव्हते असे मात्र नाही. ते होत असे नोकरीच्या मार्गाने. चांगला चढाईपटू गल्लीत नाव काढी, तेव्हा एखादी गिरणी त्याला खात्यात घेई. कारण गिरण्यांचेही संघ होते आणि कामगार कल्याणाच्या स्पर्धांत त्यांची चुरस लागे. क्रिकेटमध्ये टाइम्स शील्डसाठी कचेऱ्यांचे संघ खेळत, आणि स्टेट बँकेने वाडेकरांना, निर्लॉनने गावस्करांना नोकरी दिली ती या परंपरेतच. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणीकामगारांचा संप सुरू झाला, तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि गिरण्यांबरोबर त्यांचे संघही गेले. त्यानंतर कबड्डीपटूचा आधार उरला तो रेल्वे, बेस्ट, बँका, पोलीस आणि महिंद्र, एअर इंडिया यांच्यासारख्या आस्थापनांचा. ही व्यवस्था समन्यायी नव्हती. जिथे पगार बरा आणि नोकरी कायम, तिथे खेळाडू गेले. दुबळी कचेरी दुबळीच राहिली. पण खेळाडूच्या बाजूने पाहिले तर त्याला घर चालवणारी जागा मिळे, ती त्याच्या चढाईच्या बळावर. आणि म्हणून मोसम हातचा गेल्यावरही, हरणाऱ्या संघातला एखादा सातवा गडी जिवाच्या आकांताने खेळे, कारण कडेला कोणत्या तरी साहेबाचा माणूस बसलेला असण्याचा संभव होता. अमेरिकेत एप्रिलमध्ये हरणाऱ्या संघाकडून जो बारावा-तेरावा खेळाडू मैदानात उतरतो, त्याचीही अवस्था याहून निराळी नसते. त्याच्या पराजयाची इच्छा धरणारा चाहता त्याच्या पुढच्या वर्षीच्या भाकरीविरुद्ध इच्छा धरत असतो, आणि हे मला अधिक बोचते.

विजयाच्या आकांक्षेने या शहरात खेळापलीकडचेही काही साधले. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले, आपल्या पिढीतले श्रेष्ठ डावखुरे फिरकी गोलंदाज. हिंदू जिमखान्याच्या उच्चवर्णीय कारभाऱ्यांनी त्यांना संघात घेतले ते समतेच्या साक्षात्काराने नव्हे. गोऱ्यांना हरवायचे होते, आणि बाळूंवाचून ते होणार नव्हते. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना हरवले. बाळूंना कर्णधारपद कधीच मिळाले नाही, हा अन्याय इतिहासात राहिलाच. पण १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले आणि चौरंगी स्पर्धा हिंदूंनी जिंकली. ज्या संघाला जिंकण्याची निकड नसती, त्याने जातीचा दरवाजा एवढाही किलकिला केला असता असे मला वाटत नाही.

आता जो आक्षेप ड्राफ्टचे समर्थक घेतील तो खरोखर वजनदार आहे, आणि मुंबईकराने तर तो टाळूच नये. १९५८–५९ ते १९७२–७३ अशी सलग पंधरा वर्षे मुंबईने रणजी करंडक जिंकला. १९७४ साली बंगळुरात उपांत्य सामन्यात वाडेकर धावचीत झाले आणि कर्नाटकाने ही शृंखला तोडली, तेव्हा मुंबईत सुतक पाळल्यासारखे झाले. परंतु बाकीच्या देशाने सुटकेचा निःश्वास टाकला असेल तर त्याला दोष कसा द्यावा? त्या पंधरा वर्षांत एकट्या राजस्थानने अंतिम सामन्यात मुंबईकडून सात वेळा हार खाल्ली. ज्या गावात कसोटीच्या तोडीचे फलंदाज अकरांत जागा मिळावी म्हणून वाट पाहत बसतात, आणि ज्या गावात तसा एकही नाही, त्या दोघांना एकाच पटावर बसवून बळाची परीक्षा घेणे हा न्याय नव्हे, हे मी मान्य करतो. त्या काळी यावर एक उपाय आपोआप निघाला होता. मुंबईतले खेळाडू बाहेर पडत. विजय मांजरेकर मुंबई, बंगाल, आंध्र, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि महाराष्ट्र अशा सहा संघांकडून खेळले. दुबळ्याने बलवानाचा खेळाडू मानाने बोलावून न्यावा, त्याच्याकडून शिकावे, ही रीत मला हरण्याच्या बक्षिसापेक्षा निरोगी वाटते. परंतु तिला आश्रयदाता लागतो, हेही खरे; राजस्थानला उदेपूरचे महाराणा होते, प्रत्येक प्रांताला नव्हते.

आज आपल्याकडेही अमेरिकेच्या धर्तीवरचे, खाली न उतरणारे संघ आले आहेत. आयपीएलमध्ये आणि २०१४ पासून प्रो कबड्डीत संघांचे वतन कायम आहे. खेळाडू लिलावाने येतात आणि खर्चाची मर्यादा सर्वांना सारखी असते. समतोल साधण्याचा हा मार्ग पराजयाला इनाम देत नाही, ही त्यातली मोठी जमेची बाजू. मुंबई इंडियन्स २०२२ आणि २०२४ साली दहा संघांत दहावे राहिले. त्याबद्दल त्यांना काही मिळाले नाही, आणि शेवटच्या सामन्यात कोणाही मुंबईकराने आपल्या संघाच्या पराजयाची प्रार्थना केली नाही. वरळीच्या त्याच डोममध्ये ऑगस्ट २०१४ मध्ये यू मुंबा पहिल्या प्रो कबड्डीचा अंतिम सामना जयपूरकडून हरले आणि पुढल्याच वर्षी अनुप कुमारच्या नेतृत्वाखाली विजेते झाले. परंतु एक गोष्ट हरवली आहे, आणि तिची मला खंत आहे: कडेला बसलेल्या लालबागच्या माणसाला आता आपल्या संघातला गडी नावाने हाक मारण्याइतका जवळचा राहिलेला नाही. चाहता आणि खेळाडू यांमधला हा दुरावा वाढला, की संघ म्हणजे आपली माणसे न राहता एक खाते होते, ज्यात आज घाटा सोसून उद्या नफा काढता येतो. पराजय चिंतण्याचे बीज ड्राफ्टच्या नियमापेक्षा या दुराव्यात अधिक आहे, असे माझे मत आहे.

आणि मुळात हा व्यापार तरी किती फायद्याचा? किंग्जचाच दाखला घ्यावा. २०१८ साली सोडतीत त्यांचे नशीब उघडले. तळापासून सातवे असूनही त्यांना दुसरी निवड मिळाली. त्यांनी मार्विन बॅग्ली या तरुणाला घेतले. त्याच्या पाठोपाठ तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला लुका डॉन्सिच, ज्याने पुढे डॅलसला अंतिम फेरीत नेले. बॅग्लीला चार वर्षांच्या आत निरोप द्यावा लागला. याउलट २०२० साली बाराव्या क्रमांकावर घेतलेला टायरीस हॅलिबर्टन हा उत्कृष्ट निघाला. त्याला इंडियानाला देऊन किंग्जनी २०२२ साली डोमांटास सबोनिसला आणले, जो वरळीच्या सामन्यांच्या वेळी पेसर्सच्याच संघात होता. नवा प्रशिक्षक आला, २०१७ मध्ये पाचव्या निवडीतून आलेला डी'ॲरन फॉक्स फुलला, आणि २०२२–२३ च्या हंगामात ४८ विजय मिळवून किंग्जनी सोळा वर्षांचा दुष्काळ संपवला. ड्राफ्टचा यात काहीच वाटा नव्हता असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण अनेक वर्षे वरच्या निवडी पदरात पडूनही जे साधले नव्हते, ते देवघेव, शिक्षण आणि शिस्त यांनी साधले. त्या हंगामात सॅक्रामेंटोने एक नवा परिपाठ सुरू केला. संघ जिंकला की मैदानाच्या छपरावरून जांभळ्या प्रकाशाचा झोत आकाशात सोडायचा. सारे गाव त्याची वाट पाहू लागले. सोडतीत चांगला चेंडू निघाला म्हणून असा झोत कोणी सोडल्याचे मी ऐकलेले नाही.

संघाच्या व्यवस्थापकाने दूरचा विचार करावा, होतकरू मुलांना खेळवावे, वृद्ध होत चाललेल्या खेळाडूच्या बदल्यात तरुण आणावा, यात मी काही गैर पाहत नाही. तो त्याचा पेशा आहे. परंतु चाहत्याची सनद निराळी. त्याच्या इच्छेने सामन्याचा निकाल तसूभर बदलत नाही. बदलतो तो केवळ तो स्वतः. मैदानात हेतुपुरस्सर हरण्याला तर कोठेच क्षमा नाही: २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पुढील फेरीत सोयीचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून मुद्दाम हरू पाहणाऱ्या महिला दुहेरीच्या चार बॅडमिंटन जोड्यांना स्पर्धेतून हाकलून देण्यात आले, आणि तेव्हा प्रेक्षकांनी आपल्या नापसंतीचा जो कल्लोळ केला तो साऱ्या जगाने ऐकला. जे खेळाडूने केले तर कलंक ठरते, ते प्रेक्षकाने मनात धरावे आणि त्याला दूरदृष्टी म्हणावे, हे मला पटत नाही.

मुंबईकडून सात अंतिम सामने हरलेल्या राजस्थानचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. १९७३–७४ मध्ये ते आठव्यांदा अंतिम फेरीत हरले, या वेळी कर्नाटकाकडून. मग ओहोटी लागली आणि कालांतराने त्यांना रणजी स्पर्धेच्या खालच्या, 'प्लेट' गटात उतरावे लागले. कोणी त्यांना देशातल्या उगवत्या खेळाडूंची पहिली निवड देऊ केली नाही. त्यांनी बाहेरून अनुभवी माणसे बोलावली; दिल्लीचे आकाश चोप्रा आले, आणि कर्णधारपद पुण्याच्या हृषीकेश कानिटकरांकडे आले. २०१०–११ च्या मोसमात, प्लेट गटातूनच सुरुवात करून, जयपूरला अठरा वर्षांच्या दीपक चहरने पदार्पणात १० धावांत ८ बळी घेतले आणि हैदराबादचा डाव २१ धावांत आटोपला. उपउपांत्य फेरीत त्यांच्यासमोर मुंबई आली. ती जयपूरलाच बाद झाली. मग तामिळनाडू, आणि अंतिम सामन्यात बडोदे. रणजी करंडक राजस्थानकडे प्रथमच गेला, एका मराठी कर्णधाराच्या हातून, आणि पुढच्या वर्षी त्याच कर्णधाराने तो तिथेच राखला.